सड्यावरचा गेंडा आणि खाणीतला गेंडा : एका कोकणी गावाचं प्रकरण

हे प्रकरण रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागातल्या एका गावाचं आहे. गावाचं आणि माणसांची नावं मुद्दाम गाळली आहेत, ओळख पटेल असे काही तपशील फिरवले आहेत. मी यात त्रयस्थ नव्हतो. मी वास्तुरचनाकार आहे आणि ज्या आराखड्यावरून वाद झाला, तो माझ्याच टेबलावर तयार झाला होता.

पार्श्वभूमी

वर सडा, मधल्या उतारावर वाड्या, खाली खाडी, असं हे गाव. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पसरट पठार. मे महिन्यात तिथे काळपट कातळ, करपलेलं गवत आणि चपलेतूनही लागणारा चटका, एवढंच असतं. सातबाऱ्यावर या जमिनीपुढे 'पोटखराबा' लिहिलेलं, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. प्रत्यक्षात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पडणारा पाऊस याच कातळात मुरतो आणि उतारावरच्या झऱ्यांतून, विहिरींतून गावाला मिळतो. पहिल्या सरी झाल्या की दीपकाडीची पांढरी फुलं वर येतात. कोकणातल्या जांभ्या सड्यांबाहेर ही वनस्पती जवळपास सापडतच नाही. मग गेंद, सीतेची आसवं, कवळा यांचे रंग एकामागून एक पसरतात. दसऱ्यानंतर सगळं पुन्हा तपकिरी.

याच कातळात खोदलेली चित्रं आहेत. कोकणातल्या कातळशिल्पांचं नाव आज सगळ्यांना माहीत आहे, त्यामागे रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, प्रा. सुरेंद्र ठाकुरदेसाई यांच्यासारख्यांची सड्यासड्यांवरची कित्येक वर्षांची पायपीट आहे. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत यातली नऊ ठिकाणं गेली : रत्नागिरी जिल्ह्यातली उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यात कुशावती नदीकाठचं पणसायमळ. चित्रं नेमकी किती जुनी, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही, पण बोलणं हजारो वर्षांचं चालतं. त्यांत गेंड्यासारखे प्राणीही आहेत, जे आज कोकणात कुठेच नाहीत.

आमचं गाव त्या नऊंत नाही. इथे चौदा आकृत्या मोजल्या गेल्या : एक पुरुषभर उंचीची माणसाची आकृती, मासे, चौकटींची नक्षी आणि एक शिंगवाला प्राणी. अभ्यासक त्याला गेंडा म्हणतात. गावात त्याला पिढ्यान्‌पिढ्या 'पांडवांचा डुक्कर' म्हणतात.

सड्यावर आणखी एक गोष्ट आहे, जी कुठल्याही यादीत नाही. राखणदाराचा दगड. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी वर चढते, या दगडापाशी थांबते, गाऱ्हाणं घातलं जातं आणि पालखी खाली उतरते.

गावाची कमाई आंब्याच्या एका हंगामावर, मुंबईहून येणाऱ्या पैशावर आणि चिऱ्याच्या, म्हणजे बांधकामासाठी कापलेल्या जांभ्याच्या, खाणींवर. एक खाण चालू, दुसरी महामार्गालगतची, चिरा संपल्यावर तशीच सोडून दिलेली. शाळेचा पट घसरत चाललेला.

अडचण

२०२३ च्या सुरुवातीला एका पर्यटन योजनेतून गावाला निधी मिळण्याची शक्यता निर्माण झाली. कोटीच्या घरातली रक्कम. ग्रामपंचायतीचा प्रस्ताव असा : सड्यावर शिल्पबाग करायची, कातळशिल्पांतले प्राणी फायबरमध्ये भव्य करून उभे करायचे, कड्यावरून खाडी दिसेल असा काचेचा पूल, कारंजं, सेल्फी पॉइंट, उपाहारगृह, पार्किंग. उपसरपंच कोल्हापूरजवळच्या कणेरी मठावर जाऊन आले होते. तिथल्या सिद्धगिरी म्युझियमातले गावगाड्याचे सिमेंटचे पुतळे बघायला लोक तिकीट काढून रांगा लावतात. "त्यांनी नसलेलं उभं केलं, आपल्याकडे तर असलेलं आहे," असं ते म्हणाले आणि मला ते पटलं. आजही त्या वाक्यात मला चूक सापडत नाही. चूक पुढच्या पायरीवर झाली.

मी जागा पाहायला एप्रिलमध्ये गेलो. टळटळीत दुपार, सडा रिकामा. गाडी थेट वर नेली, टेप धरायला दोन पोरं घेतली आणि तासाभरात मोजमाप संपवलं. कातळशिल्पं 'त्या बाजूला' आहेत एवढं कोणीतरी हात करून दाखवलं. माथ्यावरच्या उन्हात कोरीव रेघा दिसतच नाहीत, त्यांना सकाळ-संध्याकाळचं तिरकं ऊन लागतं. गुरं राखणारे एक आबा जवळ येऊन उभे राहिले, गाडीकडे बघत म्हणाले, "गाडी लावलीस ती लावलीस, पण माणसाच्या छातीवर कशाला?"

मला वाटलं, म्हातारा काहीतरी बरळतोय. मी हसलो. गाडी तिथेच राहिली.

जुलैमध्ये पावसाची उघडीप मिळाली तेव्हा वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्या एका मित्राबरोबर पुन्हा गेलो. रेघांमध्ये पाणी साचलं होतं आणि माणसाची ती आकृती आरशासारखी चमकत होती. माझ्या आराखड्यातलं पार्किंग बरोबर तिच्यावर होतं. तिकीटखिडकी आली होती राखणदाराच्या दगडावर. मित्र तर चालायलाच तयार नव्हता, पाय कुठे ठेवू म्हणून.

हे सरपंचताईंना सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, आता सांगताय? प्रस्ताव वर गेलाय."

समोरचे पर्याय

पहिला पर्याय म्हणजे आहे तसं पुढे जायचं, फार तर पार्किंग थोडं सरकवायचं. गावातल्या बहुतेक तरुणांचं मत हेच होतं आणि त्यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधून कर्ज फेडणारा एक जण मला म्हणाला, "फुलं दीड महिना. चित्रं बघायला वर्षाला पन्नास अभ्यासक येतात, तेही डबा घेऊन. उरलेले महिने मी काय करू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. वारसा वाचवा म्हणणाऱ्या कोणाकडेच नव्हतं.

दुसरा, पूर्ण संरक्षणाचा. राज्याच्या १९६० च्या कायद्याखाली संरक्षित स्मारक म्हणून घोषणा व्हावी यासाठी प्रस्ताव द्यायचा. गावातले निवृत्त गुरुजी याच्या बाजूचे. पण संरक्षित हा शब्द निघाला की बैठकीत भीती पसरायची : शंभर मीटरांत बांधकाम बंद, घराची कौलं बदलायलाही परवानगी. ही शंभर मीटरची बंदी केंद्राच्या संरक्षित स्मारकांना लागू होणाऱ्या कायद्यातली, २०१० च्या दुरुस्तीतून आलेली. राज्याच्या स्मारकांचा कायदा वेगळा आहे. हे मी दोनदा समजावलं, दोनदाही लोकांनी मान डोलावली आणि बाहेर पडताना एकमेकांना शंभर मीटरच सांगितले.

तिसरा पर्याय जैवविविधता कायद्याचा. २००२ च्या कायद्यात गावाच्या सहभागाने जैविक वारसा स्थळ घोषित करता येतं. सिंधुदुर्गात दोडामार्गजवळच्या बांबर्डे इथली रानटी जायफळाची राई आणि आंबोलीतला हिरण्यकेशीचा माशाचा अधिवास याच वाटेने वाचवले गेले. वाट चांगली, पण लांबची. निधी मात्र मार्चअखेर खर्ची पडायला हवा होता.

चौथा पर्याय कोणी मांडला नाही, पण तोच सर्वांत जवळचा होता : काहीच न करणं. काही न केलं तर सडा तसाच राहील, अशी आमची भाबडी समजूत. चालू खाणीची मशीन दर हंगामात चित्रांच्या दिशेने सरकत होती. शिल्पबाग झाली नाही म्हणून काही सडा राहणार नव्हता, त्याचे चिरे होऊन कुणाच्या तरी कुंपणाला गेले असते. या बाबतीत शिल्पबागवाले खरोखरच गुरुजींच्या बाजूचे होते, फक्त दोघांनाही ते ठाऊक नव्हतं.

पाचवा उशिरा सुचला, माझ्याच ऑफिसातल्या एका मुलीला. ती नकाशावर बोट ठेवून म्हणाली, "ही बंद खाण कोणाची आहे? इथे तर खड्डा आधीच आहे." कृत्रिम जे काही करायचं ते आधीच ओरबाडलेल्या जागेत करायचं, महामार्गालगत, सड्यावर पाय न ठेवता.

काय केलं

आधी काय केलं नाही, ते सांगतो. ऑगस्टपासून जानेवारीपर्यंत आम्ही नकाशे काढत बसलो. सातबाऱ्याचे गट, चित्रांच्या जागा, पाण्याच्या वाटा, फुलांचे पट्टे, सगळं एकावर एक चढवलं. सुंदर नकाशा झाला. तो पाहणारे आम्ही चौघे. दरम्यान २६ जानेवारी २०२४ च्या ग्रामसभेत, झेंडावंदनानंतर, जिलेबी वाटता वाटता, मूळ आराखड्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. मी त्या दिवशी रत्नागिरीत होतो. एकमत म्हणजे जे हजर होते त्यांचं. सड्याच्या गटांवर सामाईकात नावं असलेले निम्म्याहून अधिक भाऊबंद मुंबईला, त्यांना पत्ताच नव्हता.

कामाचा आदेश निघण्याआधीच १६ मार्चला लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि फाइल थांबली. हे आमच्या प्रयत्नांचं फळ म्हणून कोणी सांगत असेल तर ते खरं नाही. आम्हाला वेळ मिळाला तो निवडणूक आयोगामुळे.

त्याच आठवड्यात शिमग्यासाठी चाकरमानी गावात आले. गुरुजींना कातळशिल्पांवर व्याख्यान ठेवायचं होतं. सरपंचताईंनी ते मोडीत काढलं. म्हणाल्या, "व्याख्यानाला कोण येणार? पालखीबरोबर वर चला, तिथेच दाखवा." मग पालखी सड्यावर चढली तेव्हा आम्ही फक्त एक काम केलं. आराखड्यातल्या इमारतींच्या कडा पांढऱ्या दोरीने कातळावर आखून ठेवल्या. ढोल वाजत होते, खांद्यावर पालखी नाचत होती आणि राखणदाराच्या दगडाभोवती दोरीचा चौकोन होता. कोणीतरी विचारलं, हे काय? उत्तर एका शब्दाचं होतं : तिकीटखिडकी.

पुढची दहा मिनिटं काय झालं ते लिहिण्यासारखं नाही. उपसरपंचांना मानकऱ्यांनी घेरलं. गुरवांना कोणीतरी कौल लावायला सांगितलं. ते म्हणाले, "देवाला कशाला विचारायचं? जागा त्याचीच आहे, तो काय सांगणार?" रात्री गावकीची, म्हणजे गावच्या पारंपरिक पंचांची, बैठक झाली आणि सड्यावर पक्कं बांधकाम नाही, असं ठरलं. चित्रांचा उल्लेख त्या बैठकीत जवळपास झालाच नाही. युनेस्को, अश्मयुग, दीपकाडी, माझा सुंदर नकाशा, यांपैकी कशानेही सडा वाचला नाही. वाचला तो पालखीच्या वाटेमुळे. चित्रं त्या वाटेच्या आडोशाने वाचली.

पण गावकीचं ठरणं आणि ग्रामसभेचा ठराव या दोन वेगळ्या गोष्टी. निवडणूक आटोपल्यावर १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत नवा ठराव आला : शिल्पबाग बंद खाणीत, सड्यावर फक्त पायवाट आणि लांबून पाहता येईल असा लाकडी मचाण. या वेळी परळच्या एका हॉलमध्ये मुंबई मंडळाची बैठक आधी घेतली होती. खाणीच्या जागेचे सात सामाईक खातेदार. सहांनी भाड्याला होकार दिला, सातव्याने चार महिने फोन उचलला नाही. काचेचा पूल वगळला गेला, त्याबद्दल उपसरपंच माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत.

उक्षीने आपल्या हत्तीभोवती चिऱ्याचं कुंपण घालून बघायला जागा केली आहे, ते पाहून आमच्याकडेही कुंपणाचा आग्रह झाला. आम्ही ते टाळलं. साताऱ्याच्या कास पठाराला लोखंडी कुंपण घातल्यावर गुरं-जनावरांची ये-जा थांबून फुलांवरच परिणाम होतो आहे असं बोललं गेलं आणि पुढे कुंपण काढण्यात आलं. उक्षीला एक मोठी आकृती सांभाळायची आहे, आमच्याकडे चौदा विखुरलेल्या आणि त्यांच्यामध्ये चरणारी गुरं. एकाच तालुक्यातले दोन सडेही सारखे नसतात.

एक चूक या काळातली. पाहणीला मोठे पाहुणे येणार म्हणून आदल्या संध्याकाळी उत्साही पोरांनी चित्रांच्या रेघांत चुना भरला. फोटो झकास आले. चुना दोन पावसाळे गेले तरी पूर्ण निघालेला नाही. त्यांना काय करायचं नाही, हे आम्ही आधी सांगितलंच नव्हतं. गुरुजींनी त्यांना झापलं, पण झापून घ्यायची पाळी खरं तर आमची होती.

काय झालं

विधानसभेची आचारसंहिता संपल्यावर काम सुरू झालं. निधीचा मोठा भाग तोवर परत गेला होता. उरलेल्यात खाणीत एक हत्ती, एक गेंडा, माशांची जोडी, स्वच्छतागृह, पार्किंग आणि बचतगटांसाठी चार गाळे झाले. गाळ्यांत घावणे, आंबोळ्या, सोलकढी, कोकम सरबत. महामार्गावरच्या गाड्या थांबतात. बहुतेक लोक गेंड्याबरोबर फोटो काढतात, घावणे खातात आणि पुढे गोव्याला जातात. दहा गाड्यांतली एखादी वर सड्यावर येते, वाटाड्या घेऊन. अभ्यासकांना हे प्रमाण केविलवाणं वाटतं. मला ते बरोबर वाटतं. सगळ्या गाड्या वर आल्या असत्या तर मचाण काय कामाचा? कृत्रिम गेंड्याने खऱ्या गेंड्यावरचा भार उचलला आहे.

खोल्यांवाला तरुण आता वाटाड्या मंडळाचा प्रमुख आहे. पण त्याचं कर्ज पर्यटनातून नाही, अजूनही आंब्यातूनच फिटतं आणि ते तो मला दर भेटीत ऐकवतो.

नुकसानही नोंदवायला हवं. चालू खाण ज्या गटात आहे त्याच्या मालकाशी आम्ही बोललो ते फार उशिरा. चौदांतल्या दोन आकृत्या, मासा आणि एक चौकट, २०२५ च्या हंगामात चिऱ्यांबरोबर गेल्या. त्याने कायदा मोडला नाही. त्याच्याकडे परवाना होता, आमच्याकडे फक्त नकाशा.

आज पुन्हा करायचं तर

पहिली भेट पावसात. सडा एप्रिलमध्ये मोजणं म्हणजे माणूस झोपलेला असताना त्याची मुलाखत घेण्यासारखं आहे. आणि टेप धरायला पोरांच्या आधी गुरं राखणाऱ्या आबांना बरोबर घेईन. त्यांनी एका वाक्यात जे सांगितलं होतं, ते मला कळायला तीन महिने आणि एक पावसाळा लागला.

दोरी पहिल्याच महिन्यात आखेन. कागदावरचा आराखडा वाचता येत नाही म्हणून गावाला दोष देण्यात अर्थ नाही. जमिनीवर दोरी आखल्यावर तो वाचायला दहा मिनिटं पुरली. ग्रामसभेची तारीख चाकरमान्यांच्या येण्याजाण्याशी जुळवून घेईन : शिमगा, गणपती. राष्ट्रीय सणांच्या दिवशी ठराव झटपट होतात आणि तसेच झटपट उलटतात.

खाणमालकाशी पहिल्या दिवशी बोलेन, शिल्पबागवाल्यांच्याही आधी. त्याला चिऱ्याच्या बदल्यात काय देता येईल, याचं उत्तर माझ्याकडे आजही अपुरं आहे. भाडं? खाणीसाठी दुसरी, चित्रं नसलेली जागा? दोन्ही सुचवून झालं, आकडा जमला नाही. निधीतला एक हिस्सा सुरुवातीलाच यासाठी राखून ठेवला असता तर कदाचित जमला असता. पण योजनेत बांधायला पैसे होते, न खोदण्यासाठी नव्हते.

आणि कणेरीबरोबर अजमेरचंही उदाहरण बैठकीत ठेवेन. तिथे आनासागर तलावाकाठच्या पाणथळ जागेत ताजमहाल, आयफेल मनोरा अशा सात आश्चर्यांच्या प्रतिकृती उभारल्या आणि न्यायालयाच्या दणक्यानंतर २०२५ च्या सप्टेंबरात त्या पाडाव्या लागल्या. प्रतिकृती वाईट म्हणून नव्हे, जागा चुकली म्हणून. आमच्या गावाची चर्चा वर्षभर चुकीच्या प्रश्नावर अडली होती, खोटं हवं की खरं. प्रश्न कुठे, एवढाच होता.

२०२५ चा पाऊस मेच्या शेवटच्या आठवड्यातच आला. खाणीच्या तळातून पाणी काढायची चर मी आराखड्यात दाखवली होती, पण ती खणायची राहून गेली होती. आठ दिवसांत खड्डा भरला आणि फायबरचा गेंडा पोटापर्यंत पाण्यात गेला. मी घाईघाईने पंप मागवायला निघालो, तर गाळ्यावरच्या बाईंनी थांबवलं. रांगेने गाड्या उभ्या होत्या, लोक छत्र्या धरून फोटो काढत होते. गुरं खाली आणायला आलेले आबाही कठड्याला टेकून बघत होते. म्हणाले, "आता दिसतोय डुक्कर."